राक्षसाचा मान

भास्कर जव्हार संस्थानच्या जंगल खात्यात कारकून होता आणि सिनेमाबद्दल त्याची मतं ठाम होती. भूत पूर्ण दिसलं की ते भूत राहत नाही. आधी सावली दिसावी, मग हात, आणि चेहरा अगदी शेवटी, तोही क्षणभर. शेवट गोड करणं ही फसवणूक. आणि अंधार हवा. पडद्यावर असेल तेवढाच पडद्यासमोर.

"घरात उंदीर निघाला की पाटावर चढता," त्याची बायको सुशीला म्हणाली, "आणि हौस भुतांची!"

"उंदीर खरा असतो," भास्कर गंभीरपणे म्हणाला.

परीक्षेला मुंबईला गेला असताना त्याने एक विलायती मुका चित्रपट पाहिला होता. तळघरातला राक्षस एकेक माणूस नेतो आणि शेवटी गावात कुणीच उरत नाही. तेव्हा त्याच्या छातीत जे गार पडलं, ते पुन्हा कधी पडलं नाही. तेवढं एकदा पुन्हा व्हावं, एवढीच त्याची इच्छा होती.

दर उन्हाळ्यात फिरता सिनेमा घेऊन येणाऱ्या दामोदरच्या तो दोन वर्षं मागे लागला होता. यंदा दामोदरने तो चित्रपट आणला.

"पण भास्करराव, लोक उठून गेले तर पुन्हा असलं काही आणणार नाही. मला आपले देवांचे चित्रपटच बरे."

"उठायला पायांत बळ तर राहू दे!"

भास्करने पंचांग पाहून अमावास्या धरली. मुक्या चित्रांना साथ करणाऱ्या पेटीवाल्याला सुट्टी देववली. कनातीतले कंदील स्वतः विझवले. दाभोसा, साखरशेत या आसपासच्या गावांहून आलेल्या लोकांनी रानवाटेचे टेंभे बाहेर रोवले आणि मुकाट आत येऊन बसले.

पडद्यावर तळघराच्या पायरीवर सावली पडली. भास्करची छाती गार पडू लागली. मग हात आला. मग चेहरा.

"सोंग आला!" दाभोशाचा पांड्या उठून ओरडला. "टेंभे आणा रं!"

बोहाड्याच्या उत्सवात मुखवट्याचं सोंग नाचत आलं की दोन्ही बाजूंना टेंभे धरायचे, पुढे नारळ फोडायचा, हा इथला रिवाज. देव असो की दैत्य, मान सारखाच. बघता बघता पडद्याच्या दोन्ही अंगांना टेंभे पेटले आणि पडदा धुतलेल्या धोतरासारखा पांढरा झाला.

"अरे, विझवा! काही दिसत नाही!"

"दिसत नाय म्हणून तं धरलं, रावसाहेब," पांड्याने समजूत घातली.

त्याच्या बायकोने, सुकरीने, पडद्यापुढे नारळ फोडला. तिकडे राक्षसाने अख्खं गाव नेलं असावं. पण ते कुणालाच दिसलं नाही.

चित्रपट संपला, तरी लोक उठेनात. सगळ्यांची तोंडं उतरली होती.

"नाचला नाय. नारळ पण घेतला नाय," सुकरी पुटपुटली. "रुसून गेला. आता काय करंल गावाला?"

भास्कर सोडून सगळे घाबरले होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या वांगणीचे लोकही त्याची समजूत काढायला नारळ घेऊन आले. कनातीत पाय ठेवायला जागा नव्हती. दामोदरने भास्करला मिठीच मारली.

"मानलं तुम्हाला! त्याचा रुसवा निघेपर्यंत दर साल हाच आणतो."

"अंधारात?"

"अंधारात कोण येणार हो?"

यंत्र फिरू लागलं. पांड्या पेटता टेंभा घेऊन भास्करसमोर उभा राहिला. "तुमी आणला त्याला, रावसाहेब. पयला मान तुमचा."

सगळे वळून बघत होते.

"घ्या हो," मागून सुशीला हळूच म्हणाली. "थांबलेत सगळे."

भास्कर टेंभा घेऊन पडद्याशी गेला. पायरीवर सावली उतरली. त्याने तिच्याकडे एकदा डोळे भरून पाहिलं आणि टेंभा उंच धरला.