समुद्रात पाणी घालणारे अण्णा

आमच्याकडे चहाला आले की मगदूम अण्णा आधी दूध मोजायचे. खिशातून काचेची कांडी, म्हणजे लॅक्टोमीटर, काढून पातेल्यात सोडायची, ती कुठल्या आकड्यावर तरंगते ते चष्मा वर करून बघायचं, आणि मगच म्हणायचं, "टाका साखर." गावाकडच्या दूध संस्थेत त्यांनी तीस वर्षं दूध तपासलं होतं. सख्ख्या मेव्हण्याचंही पाणी घातलेलं दूध परत पाठवलं. तो पुढं चार वर्षं बोलला नाही. "कांडी नातं बघत न्हाय," एवढंच अण्णा म्हणायचे.

अण्णा गेले त्याला आता महिना होईल. न मोजलेलं दूध वापरायची सवय आमच्या घराला अजून झालेली नाही.

निवृत्तीनंतर ते आमच्या शेजारी आले, कारण त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकी, अंथरुणाला खिळल्या होत्या आणि त्यांचे डॉक्टर कोल्हापुरात होते. मालवणला दिलेल्या लेकीनं आईला बघायला काहीतरी हवं म्हणून काचेची पेटी आणि दोन नारिंगी मासे पाठवले. समुद्राचं पाणी दुधाच्या कॅनमधून आलं. अण्णांनी अर्थातच कांडी बुडवली. पंचवीस. म्हशीच्या चांगल्या दुधापेक्षा कमीच; दुधात पाणी घातलं की आकडा असाच उतरतो.

"समुद्रात बी कुणीतरी पाणी घातलंय," ते गंभीरपणे म्हणाले. काकी डोळ्यांत पाणी येईतो हसल्या. त्यांची खाट पेटीसमोर आली ती कायमची.

वर्षभरानं माशांच्या अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके आले. मासे दगडाला अंग घासू लागले, काकींचं जेवण कमी झालं. लेकीनं दुकानदाराला विचारून फोनवर सांगितलं की हे बारीक किडे आहेत; गोडं पाणी घालत कांडी नवावर आणा आणि ठिपके गेल्यावरही दीड महिना तिथंच ठेवा. कमी मीठ माशाला सोसतं, किड्याला सोसत नाही.

"म्हंजे पाणी घालायचं," अण्णा माझ्याकडं बघत म्हणाले. "मी."

तीन दिवस ते तांब्यातांब्यानं पाणी घालत होते, तेही दार लावून. पंधरा दिवसांत ठिपके गेले. पण कांडीवरचा नऊ काही त्यांना बघवेना. फोडणीच्या वासानंही त्यांची झोप उडत नसे, या आकड्यानं उडाली. शेवटी त्यांनी निम्म्याहून अधिक पाणी काढून कॅनमधलं समुद्राचं पाणी ओतलं. आठवड्यात ठिपके परत आले, आधीपेक्षा दाट, आणि मोठा मासा गेला.

मी गेलो तेव्हा ते परड्यात खड्डा बुजवत होते. "माझ्या खरेपणानं मारला त्याला, सर," म्हणाले.

काकींना त्यांनी सांगितलं, तो दगडामागं बसलाय. पुढचे दोन महिने तो दगडामागंच बसला. पुन्हा पाणी घालून नवावर आणलेली कांडी आता तिथून हलली नाही. अण्णा रोज पेटीसमोर वाकून दगडामागं हाका मारायचे, तिकडंही चिमूटभर खाणं टाकायचे.

दुसरा मासा खडखडीत बरा झाला. मग पाणी हळूहळू खारट करून अण्णांनी लेकीकडून तसाच एक मासा आणवला, आणि मला बोलावून काकींच्या देखत विचारलं, "बघा की सर, तोच हाय न्हवं?"

मी म्हणालो, तोच आहे.

काकींनी बराच वेळ पाहिलं. "व्हय. आला म्हणायचा एकदाचा भाईर."

अण्णा खुशीत चहा ठेवायला आत गेले. काकींनी मला हातानं जवळ बोलावलं.

"पयला ह्याच्या दुप्पट हुता," त्या हळूच म्हणाल्या. "पर ह्यास्नी बोलू नगा. लई दिस झाले, धड जेवले न्हाईत."