काळी एक रिकामी झाल्याचा पंचनामा

आमच्या गावात संगणकावरचं रेकॉर्डिंग बंद करताच त्यात आलेले सूर पियानोतून कायमचे जातात. पट्टी राहते, दाबताही येते. आवाज येत नाही. म्हणून घरी कोणी रेकॉर्डिंग करत नाही.

जर्मनीत लायप्झिगला सहा वर्षं ध्वनिमुद्रण शिकून परतलो त्याच दिवशी मी मार्थाआत्याच्या पियानोपुढे दोन माइक उभे केले. आत्याने आयुष्यभरात एकच धून रचली आहे. ती कागदावर नाही, फक्त तिच्या बोटांत आहे, आणि बोटं संधिवाताने आखडत चालली आहेत. ती धून जगाने ऐकायलाच हवी, असं मला वाटत होतं. अजूनही वाटतं.

"आणि माझ्या शिकवणीच्या सात मुली कशावर शिकतील? तुझ्या लॅपटॉपच्या झाकणावर?" आत्या म्हणाली.

"आधी फक्त चाचणी. एक पट्टी वाजव."

तिने काळी एक दाबली. लायप्झिगला चाचणीसुद्धा रेकॉर्ड करायची सवय लागते. मी केली, आणि रेकॉर्डिंग बंद केलं. आत्याने पट्टी पुन्हा दाबली. नुसतं लाकूड वाजलं.

"बराच शिकून आलास रे," ती म्हणाली.

नियमाप्रमाणे नगरपालिकेला कळवलं. सूर विभागाचे डफळे पंचनाम्याला आले. शेजारच्या ओहोळकाकू आणि इस्त्रीवाले सलीमभाई पंच म्हणून बसले. डफळ्यांनी त्या जुन्या पियानोच्या पंच्याऐंशी पट्ट्या एकेक दाबल्या आणि लिहिलं : चौऱ्याऐंशी चालू, एक रिकामी.

सही करताना आत्याला पेन धरवेना. डफळे बघत राहिले.

"बाई, जागा भरायचा अर्ज का नाही करत?"

"भरता येते?"

"माणसाच्या गळ्यातून. गळ्यातला सूर परत उगवतो, नखासारखा. वाद्यातला नाही उगवत. फॉर्म कधीचे छापून पडलेत. कोणी मागतच नाही."

"पण गाणार कोण?"

"मी भजनात काळी एकमध्येच गातो," डफळे लाजत म्हणाले.

आत्याने पेडल दाबून धरला. डफळ्यांनी पियानोत डोकं घालून 'आ' लावला. पट्टी वाजली. सुरुवातीला जराशी खोकली, पण सुरात.

आत्याने ती पट्टी आणखी एकदा दाबली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "माइक लाव."

तिने धून एकदाच वाजवली. दुसऱ्यांदा वाजवायला सूर उरणार नव्हते. मध्ये एका जागी बोट अडलं. ती थांबली, श्वास घेतला, पुढे गेली. रेकॉर्डिंगमध्ये ते तसंच आहे. धून सर्वांत वरच्या पट्टीवर संपते. मी रेकॉर्डिंग बंद केलं. बासष्ट पट्ट्या रिकाम्या झाल्या.

रविवारी चर्च सुटल्यावर गळ्यातले सूर द्यायला आत्याच्या दारात रांग लागली. भजनी मंडळ आलं, सलीमभाईंच्या घरचे सगळे आले. डफळ्यांच्या गळ्यातली काळी एक तोवर पुन्हा उगवली होती. सर्वांत वरच्या पट्टीला मात्र कोणाचाच गळा पोचेना. ओहोळकाकूंनी घरून कुकर आणला.

"शिट्टी नियमात बसत नाही," डफळे म्हणाले, आणि विचार करून 'तात्पुरती नेमणूक' असं लिहिलं.

धून त्याच दिवशी मी इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुली केली. सोमवारी चारला वर्ग भरला. पहिल्या मुलीने सप्तक वाजवलं. त्यात ओहोळकाकू, पास्टर, सलीमभाई ओळीने ऐकू आले.

"सलीमभाईंवर एवढा जोर नको," आत्या म्हणाली. "आणि अंगठा आत घे."