काचेतलं कार्ड

जनुकाकांनी बोईसरच्या दुकानात ग्राफिक्स कार्ड हातात घेतलं, बोटाने त्याचा पंखा फिरवून आत डोकावून पाहिलं आणि सरळ नाकाशी नेऊन हुंगलं. बाकीची गिऱ्हाइकं बघत राहिली. मुरबे बंदरात मासेमारीत जन्म काढलेला हा माणूस कल्ले उघडून बघितल्याशिवाय पापलेट घेत नाही. कार्डाला कल्ले नसतात, हा कार्डाचा दोष.

"यात काय तरी हाय," ते म्हणाले.

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. होडी विकून ते सरावली गावात आमच्या शेजारी राहायला आले, तेव्हापासून मी ते ऐकतोय. दूधवाल्याने माप जरा सढळ घातलं, यात काय तरी हाय. मी सकाळी हसून नमस्कार केला, तरी तेच.

त्यामुळे साठी उलटलेल्या या विधुराला महागडं कार्ड हवंय म्हटल्यावर संशय घ्यायची पाळी माझी होती. लेक हेमा बंगळुरूला नोकरीला गेली, तिचा जुना कॉम्प्युटर घरी राहिला आणि काका त्यावर बोटीचा कसलासा खेळ खेळतात, एवढं मला ठाऊक होतं. खेळात वादळ आलं की सगळं बंद पडतं, ही त्यांची तक्रार. मला वाटलं, म्हाताऱ्याला कुणीतरी जुगाराला लावलंय. मी सोबत गेलो तो निम्मा मदतीला, निम्मा पाळतीवर.

मी आठ जीबीचं कार्ड सुचवलं. त्यांच्या जुन्या पॉवर सप्लायला त्याहून मोठं पेललं नसतं. काका चक्क कबूल झाले. दुकानदाराने आतून सीलबंद खोका आणला आणि घोडं अडलं.

"तो नको. काचेतला द्या."

"काका, वो तो डिस्प्ले पीस है. दिनभर चलता है."

काकांनी मला बाजूला ओढलं. "ताजा माल वर मांडतात नि शिळा खालून काढून देतात. आमची बायको मासळीबाजारात जन्मभर तेच करायची. हा मला शिकवतो!"

मी कपाळावर हात मारला. शेवटी नवंकोरं सोडून दिवसभर तापलेलं कार्ड घेऊन आम्ही घरी आलो.

मी ते बसवून दिलं. हेडफोनवर काकांचा विश्वास नाही, म्हणून स्पीकर लावले. पडद्यावर समुद्र आला.

"पाण्याचा रंग चुकला," काका म्हणाले.

तेवढ्यात स्पीकरमधून हेमा बोलली, "बाबा, आलात? तुमी सुकाणू धरा, मी जाळं सोडते."

बापलेक खेळातल्या एकाच बोटीवर होते. मी माझा जुगाराचा संशय मुकाट्याने गिळला. वादळ आलं, कार्ड टिकलं. हेमा बोलत राहिली: ऑफिसातली कटकट, सोबतची मुलगी खोली सोडून गेली, आता एकटीच जेवते.

काकांनी माइक बंद केला. "फोनवर 'मी बरी हाय' म्हणते नि ठेवते. हात कामात असले का खरं बोलते. नेमकं तवाच वादळ यायचं नि खेळ बंद."

मी स्पीकरचा आवाज जरा वाढवला.

"बाबा, गप्प का? कंटाळलात?" हेमाने विचारलं.

काका मान कलती करून तो आवाज ऐकत होते. "रडली हाय," ते पुटपुटले. मग माइक चालू करून मोठ्याने म्हणाले, "कंटाळा कसला? जाळं अजून पाण्यात हाय. तू बोल."