मामीची गाडी मी सरळ केली!

मोजमापाच्या बाबतीत माझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावा. माझ्याकडे भौतिकशास्त्राची पदवी आहे आणि आमच्या घरात भिंतीवरची एकही चौकट अर्ध्या अंशाहून जास्त कललेली नाही. सोफ्यावर डुलक्या घेताना बाबा कलले, तर त्यांनाही मी उशी लावून सरळ करते! तेव्हा मामीने तिचं फिरतं घर पावसाळाभर सांभाळायला माझ्याकडे दिलं, यात नवल काहीच नव्हतं.

हे फिरतं घर म्हणजे मुळात एक मोडीत निघालेली छोटी बस. मामीने एकतीस वर्षं बस चालवली. निवृत्तीनंतर तिने हे धूड विकत घेतलं आणि दोन वर्षं खपून त्याचं घर केलं. पलंग, शेगडी, बेसिन, कपाटं, दिव्यांच्या तारा, सगळं स्वतःच्या हाताने! मामा शिंपी. त्याने पडदे, गाद्यांचे अभ्रे आणि अख्खी गाडी झाकेल अशी ताडपत्रीची खोळ शिवली. एकतीस वर्षं मामीने लोकांना त्यांच्या त्यांच्या ठिकाणी नेऊन सोडलं. आता पावसाळा सरताच, पंधरा तारखेला, ती पहिल्यांदा स्वतःच्या ठिकाणाला निघणार होती. तोवर दोघं लेकीच्या बाळंतपणाला गेली होती.

"लक्ष ठेव," किल्ली देताना मामी म्हणाली. "बाकी काही करू नकोस."

पहिले दोन महिने मी काहीच केलं नाही. गाडीत पाण्याचा एक थेंबही आला नाही. म्हणजेच सुधारणेला वाव होता!

पहिली गोष्ट, गाडी तिरकी उभी होती. उजव्या चाकांखाली कुणीतरी दोन जाड फळ्या सारल्या होत्या, त्यामुळे गाडी डावीकडे कलली होती. इतकी हुशार बाई, आणि हा गबाळेपणा! मी जॅक लावून फळ्या काढल्या आणि पाणसळ, म्हणजे गवंड्याची ती बुडबुड्याची पट्टी, आत जमिनीवर ठेवली. बुडबुडा बरोबर मधोमध! डोळ्यांत पाणीच आलं माझ्या.

दुसरी गोष्ट, छपराला सामानासाठीचा वीतभर उंच कठडा होता, पण तीनच बाजूंना. डावीकडचा गंजून पडला असावा. मी तिथे ताडपत्रीखालून जाडजूड बांबू बांधला. चारी बाजू सारख्या! तिसरी गोष्ट, बंद गाडीत बुरशी धरते, म्हणून छपराच्या मधली झडप उघडून ठेवली. वर ताडपत्री होतीच की.

मग चार दिवस पाऊस कोसळला. पाचव्या दिवशी सकाळी मामीचा फोन आला.

"गाडी कशी आहे गं?"

"एकदम मस्त! तिरकी उभी होती, मी सरळ केली. छपराची चौथी बाजूसुद्धा बांधून घेतली!"

 मग फोन बंद. मामाला ही आनंदाची बातमी सांगायला ती धावली असावी, असं मला वाटलं.

दुपारी, गाडी जिथे उभी होती त्या आवाराच्या रखवालदारकाकांचा फोन आला.

"ताई, तुमच्या गाडीवर बगळा बसलाय."

"बसू दे की काका. छान दिसत असेल."

"दिसतोय छान. पण तो मघापासून पाण्यात उभा आहे."

मी धावत सुटले. शिडीवर चढून पाहिलं. मी, भौतिकशास्त्राची पदवीधर, गाडीच्या छपरावर सपाट तळाचा, चार भिंतींचा, आतून ताडपत्रीचं अस्तर लावलेला हौद बांधला होता! पाच मीटर लांब, दोन मीटर रुंद, सरासरी सहा सेंटिमीटर पाणी. सहाशे लिटर. सहाशे किलो! म्हणजे छपरावर एक घोडा उभा होता आणि त्याच्या पाठीवर बगळा!

"बांबू सोडा की ताई," काका खालून म्हणाले. "पाणी जाईल आपसूक."

"थांबा काका! भार अचानक एकीकडे सरकला तर गाडी उलटेल!"

"एवढ्याने?"

"गणित करावं लागेल!"

गणित करायला मी गाडीत शिरले. पाहते तर उघड्या झडपेतून ताडपत्रीचं पोट आत लोंबत होतं, जेवून तट्ट झालेल्या पाहुण्यासारखं. ते हळूच वर ढकललं, तर पाणी कडेने सांडून जाईल, असा माझा अंदाज. मी झाडू घेतला आणि दांडा वर केला. दांड्याच्या टोकाला एक खिळा होता.

इथे मामाबद्दल एक गोष्ट नोंदवलीच पाहिजे. त्याची शिवण शेवटपर्यंत उसवली नाही. फाटलं ते शिवणीशेजारचं कापड!

सहाशे लिटर पाणी डोक्यावर पडताना नेमकं काय वाटतं, ते मी सांगू शकत नाही. मी त्या वेळी पलंगाखाली वाहत गेले होते. बाहेर आले तेव्हा पाणी घोट्यापर्यंत होतं. पंधरा तारखेला आठ दिवस उरले होते. एकतीस वर्षं थांबलेल्या बाईचं घर मी एका झाडूने बुडवलं होतं. मी तिथेच पाण्यात बसून रडायला लागले.

"उठा शास्त्रज्ञबाई," दारातून आवाज आला.

मामी! फोन ठेवल्याबरोबर तिने बस पकडली होती. मागे पिशवी घेऊन मामा.

मामी पाण्यातून सरळ आत आली. पलंगाजवळ वाकली, पाण्यात हात घालून काहीतरी फिरवलं, आणि गुडगुड आवाज करत पाणी खाली जायला लागलं.

"हे काय आहे?"

"जमिनीतलं बूच. गाडी धुवायची म्हटल्यावर पाण्याला वाट नको?"

"आणि गाद्या?"

मामीने वर बोट दाखवलं. गाद्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून, पट्ट्यांनी आवळून मागच्या भिंतीला उंच टांगलेल्या होत्या. खालची कपाटं रिकामी. बॅटरी काढून तिने आधीच घरी ठेवलेली. 

"मामी, मी असं काही करणार हे तुला माहीत होतं?"

"तू नाही गं, पाणी. ते कुठूनही येतं. आता भाचीकडूनही आलं!"

"आणि तो कठडा..."

"मी कापून काढलाय. पाणी उतरायला."

मामा तोवर सुईत दोरा ओवून ताडपत्रीचं भोक चाचपत होता. "धार बघ खिळ्याची!" तो कौतुकाने म्हणाला.

मामीने बांबू सोडला, जॅक लावला, दोन्ही फळ्या नुसत्या नजरेच्या अंदाजाने जागच्या जागी सारल्या. मला राहवेना. कोन मोजला, तर दोन अंश! पुस्तकात सपाट छपरासाठी साधारण हाच उतार सांगितलाय.

पुढचे आठ दिवस आम्ही पंखे लावले, दारं उघडी टाकली, लाकूड पुसपुसून काढलं. चौदा तारखेला संध्याकाळी मामीने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"येतेस आमच्याबरोबर?"

मला खरंच वाटेना! एवढं सगळं होऊनही? किती मोठं मन या बाईचं!

"मी? खरंच?"

"हो मग! मागच्या भिंतीत अजून ओल आहे. महिनाभर कुणीतरी टॉवेल दाबून बसायला हवं."

प्रवास फार सुंदर चाललाय, असं पुढे बसलेले दोघं सांगतात. मला इथून भिंत दिसते.