उत्साहवर्धक निष्कर्ष

डॉ. सुरुचींनी शोधनिबंध मासिकाकडे पाठवला आणि चहा ठेवायला उठल्या. चहा गाळून होतो न होतो तोच उत्तर आलं: तज्ज्ञांनी तपासला, पसंत केला, छापला. एवढ्या वेळात बाजारात कोणी संत्रंही निवडून घेत नाही. पण प्रोफेसर व्हायला दोन निबंध छापून यावे लागत होते, तेव्हा बाईंनी घाईला नावं ठेवली नाहीत.

ती वेळ छापलेलं वाचताना आली. वॉर्डातल्या मुलांना वर्षभर तपासून त्यांनी लिहिलं होतं, की खोकल्याचं एक चलतीचं औषध कुचकामी आहे. मुलं नुसती पेंगतात, खोकला जिथल्या तिथे. छापून आलं होतं, 'औषध अत्यंत गुणकारी. मुलं शांत झोपतात.'

त्यांनी संतापून जाब विचारला. संपादकांनी नम्रपणे कळवलं, "मूळ निष्कर्ष आमच्या तज्ज्ञांना निराशाजनक वाटला. तो उत्साहवर्धक केला आहे." बाईंनी मग चांगली मुद्देसूद, लांबलचक तक्रार धाडली. आठवड्याभरात तीही छापून आली, दुसरा शोधनिबंध म्हणून! तक्रारीचा सूर तज्ज्ञांनी आभाराचा करून टाकला होता.

विभागप्रमुख डॉ. मार्तंड मात्र बेहद्द खूश.

"मॅडम, काहून टेन्शन घेऊन राहिल्या? एकाचे दोन झाले ना!"

"सर, दोन्ही खोटे आहेत. मागे घ्यायला हवेत."

"घ्या ना. प्रोफेसरकी बी मागे घ्या मग. अन् हे फालतू मासिक वाचते कोण? माझे पेपर मी स्वतः नाही वाचले आजपर्यंत."

सुरुचीबाईंनी काहीच मागे घेतलं नाही. वाचतं कोण, हे त्यांना पटलं. पटवून घेतलं म्हणा. महिन्याभरात दारावरची पाटी बदलली. लाज वाटत होती. पेढेही वाटले.

त्या संध्याकाळी त्या धरमपेठेतल्या घरी आल्या, तर एरवी दाराशी धावत येणारा त्यांचा छोटा मुलगा ऋषी सोफ्यावर पेंगत पडला होता. सासूबाई, यमुताई, चमचा धूत होत्या. ओट्यावर तेच औषध.

"आई, हे कोणी दिलं याला?"

"कोणी म्हणजे? मी दिलं. सकाळपासून खोकून राहिला होता. तुझंच तर औषध आहे ते!"

सुरुचींनी आधी ऋषीची नाडी पाहिली, श्वास पाहिला, आणि मग बाटली उचलून सिंकमध्ये उपडी केली.

"अवं, ओतून काहून राहिली?" यमुताई धावल्या. "शेवटची होती ती! औषधवाल्यानं तुझे दोन्ही पेपर काचेवर चिकटवले आहेत, फोटोसकट. साऱ्या मोहल्ल्यातल्या पोरांच्या आया रांग लावून होत्या. तुझी सासू म्हणून मले एक ठेवली त्यानं."