पास्कूचं जाड बायबल

एका जंगलात, मुलांनो, एक चर्च होतं. पहिल्या बाकावर वाघ बसायचा. म्हणून बाकी सगळे फार नम्रपणे शेवटच्या बाकांवर बसत.

दाराशी पास्कू कुत्रा असे. आलेल्यांच्या छत्र्या सांभाळणं हे त्याचं काम. एका रविवारी वाचनाची पाळी फ्लोरी मांजरीची होती. कुत्र्यांना पवित्र वस्तू देऊ नये, ही बायबलातली ओळ तिनं दोनदा वाचली. दुसऱ्यांदा तर चष्म्यावरून दाराकडे बघत.

पास्कूची मान खाली गेली. छत्र्या परत देताना त्यानं कुणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

घरी त्याची बायको रेजीना म्हणाली, "एवढं काय मनाला लावून घेता? बायबलात एक चांगला कुत्रापण आहे. माझ्या आजोळी वाचायचे. तोबियाची गोष्ट."

पास्कूनं घरातलं बायबल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत हुंगलं. तोबिया कुठेच नव्हता.

सोमवारी सकाळी तो कैतान साळिंदराच्या पुस्तकांच्या दुकानात गेला. फ्लोरी तिथे मेणबत्त्या निवडत होती.

"बायबल पातळ देऊ की जाड?" कैताननं विचारलं. "भाषांतरं दोन आहेत. पातळात सहासष्ट पुस्तकं, जाडात त्र्याहत्तर."

"मग ही सात जास्तीची कुठून आली?"

"जाडवाले म्हणतात, ती होतीच, पातळवाल्यांनी काढली. पातळवाले म्हणतात, ती नव्हतीच, जाडवाल्यांनी घातली. मी दुकानदार आहे बाबा, मी दोन्ही ठेवतो. तुझा तोबिया जाडात आहे."

"उगाच ओझं!" फ्लोरी म्हणाली. "माझं पातळच बरं."

पास्कूनं जाड बायबल उघडलं. सापडलं! तोबिया लांबच्या प्रवासाला निघाला होता. देवदूत सोबतीला होता. आणि त्याचा कुत्राही त्यांच्याबरोबर चालू लागला होता. पास्कूची शेपूट अशी हलली की मेणबत्त्यांचा खोका खाली आला.

फ्लोरीनं मेणबत्त्या गोळा केल्या. मग हळूच विचारलं, "आणि मांजर?"

"पातळात तर मांजर नाहीच," कैतान म्हणाला. "जाडात एकदा आहे, बारूखच्या पुस्तकात. ती डोक्यावर जाऊन बसते."

"कुणाच्या?"

"बाबेल नगरीतल्या देवांच्या मूर्तींच्या. खोटे देव, पण देव."

फ्लोरीनं मिशा नीट केल्या. "एक बांधून दे."

दुपारपर्यंत बातमी जंगलभर झाली. मक्काबीच्या पुस्तकांत हत्ती लढाईवर जातात, हे कळताच हत्ती धावत आला. त्याच पुस्तकांत सात भाऊ जीव देतात पण डुकराचं मांस तोंडाला लावत नाहीत, हे ऐकून डुक्कर ढसाढसा रडलं. त्यानं दोन प्रती घेतल्या. एक स्वतःला, एक वाघाला भेट.

गाढवानं मात्र पातळच घेतलं. पातळातही येशू गाढवावर बसूनच शहरात येतो, त्यामुळे त्याची सोय चांगली होती.

संध्याकाळी पास्कू अंगणात बसून रेजीनाला मोठ्यानं वाचून दाखवत होता. कुत्रा सोबत गेला. कुत्रा सोबत परत आला. पुन्हा पहिल्यापासून.

तेवढ्यात शेजारचा बस्त्याव अस्वल काठी टेकत कुंपणाशी आला. म्हाताऱ्याला आता दिसत नसे.

"पास्कू, नदीपर्यंत जायचं होतं रे. जरा सोबत येतोस?"

"आत्ता नको, मामा," पास्कू पानावरून नजर न काढता म्हणाला. "सोबत करणाऱ्या कुत्र्याचं वाचतोय."

तात्पर्य: धर्मग्रंथ निवडताना त्यात आपलं नाव आहे ना, तेवढं बघून घ्यावं. भाषांतर बदललं की स्वतःला बदलावं लागत नाही.