काचेवर काच, तिच्यावर प्लास्टिक

आमच्या घरात वस्तू वापरायची नंतर, जपायची आधी. टीव्हीच्या रिमोटवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही (बटणं दिसत नाहीत, पण नवी आहेत). त्यामुळे कॅमेरा घेताना दुकानदार म्हणाला, "लेन्सवर ओरखडा पडला की संपलं, वरून फिल्टर बसवा," तेव्हा हा माणूस मला सख्ख्या भावासारखा वाटला. फिल्टर म्हणजे लेन्सवर फिरवून बसवायची साधी काच. ओरखडा पडायचाच असेल तर तिच्यावर पडावा.

परीक्षा लगेच आली. मुक्कामाला आलेल्या सासूबाई उद्या परत जाणार होत्या.

"आईचा एकही धड फोटो नाही," बायको म्हणाली. "प्रत्येकात तोंडावर हात! आज कधी नव्हे ते तयार झालीये. हा बिघडवलात, तर कॅमेरा माळ्यावर."

सासूबाई खिडकीपाशी खुर्चीत बसल्या. मी गुडघे टेकले, एक डोळा मिटला (चुकून आधी दोन्ही). कॅमेऱ्याच्या पडद्यावर सगळं धुरकट दिसत होतं. पण त्या पडद्यावरचंही प्लास्टिक मी काढलं नव्हतं. दोष त्याला दिला आणि बटण दाबलं.

फोटो कॉम्प्युटरवर लावला. खुर्चीत सासूबाईंच्या मापाचं धुकं बसलं होतं.

"अहो, आई कुठे गेली?"

बायकोने फिल्टरवरून नख फिरवलं आणि कांद्याचा पापुद्रा काढावा तसा प्लास्टिकचा पातळ गोल सोलून काढला.

"हे काय?"

"लेन्सला फिल्टर जपतो," मी म्हणालो. "मग फिल्टरला कोणी जपायचं?"

"आणि तुम्हाला मी!"

दुसरा फोटो लख्ख आला, सुरकुत्यांसकट. बायको त्या फोटोकडे बघतच राहिली. तिचे डोळे भरून आले, आणि कॅमेरा माळ्यावर जायचा वाचला म्हणून माझेही.

सासूबाईंनी चष्मा लावून दोन्ही फोटो निरखले. "पहिलाच चांगला आहे. दुसऱ्यात कोण ही म्हातारी? ते प्लास्टिक परत लावा आणि अजून चार काढा."

माझी छाती अशी फुगली की शर्टाच्या बटणांची काळजी वाटली. "बघ!" मी बायकोला म्हणालो, "याला म्हणतात जाणकार! आई, आता माझाही एक होऊन जाऊ दे. प्लास्टिक लावूनच."

सासूबाईंनी मला नीट न्याहाळलं. मग टेबलावरचं लेन्सचं काळं झाकण उचलून लेकीच्या हातात ठेवलं.

"जावईबापूंना हे लाव."